पुढे वाचायचं नाही

माझे भावोजी शिंपी आहेत, पण फक्त पँटचे. कुणी शर्टाचं कापड घेऊन आलं तर मान वर न करता समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "गळ्याच्या भानगडीत आपण पडत नाही." सगळा बाजार त्यांना पँटमास्तर म्हणतो. मी त्यांची मेहुणी, त्यामुळे मला काहीही म्हणायची मुभा होती आणि ती मी पुरेपूर वापरली. मी त्यांना तोंडावर चिक्कूमास्तर म्हणायचे. ते हसायचे. नाव मनाला लावून घ्यायलासुद्धा काहीतरी खर्च येतो, असं त्यांना वाटत असावं.

आता चिक्कू म्हणजे लबाड नव्हे, हे आधीच सांगून टाकते. गिऱ्हाइकाच्या कापडातून उरलेला तुकडा ते गुंडाळून, दोऱ्याने बांधून परत करायचे. दुसऱ्याच्या पैशाचा चहा प्यायचे नाहीत. पण स्वतःच्या खिशात हात घालायची वेळ आली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. साबणाचा उरलेला तुकडा नव्या वडीला चिकटवायचा, जुन्या पँटच्या खिशांचं कापड काढून घरातल्या उशांना लावायचं, दिवा लावण्याआधी खिडकीतून आकाशाकडे बघून अजून किती उजेड शिल्लक आहे याचा अंदाज घ्यायचा, असा सगळा कारभार. पेपरसुद्धा घरी येत नव्हता. सकाळी दुकान उघडण्याआधी ते वाचनालयात जायचे आणि उभ्याने पेपर वाचून यायचे. बसून का नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "बसलं की जाहिरातीही वाचतो माणूस. मग उशीर होतो."

आणि अशा माणसाच्या घरात माझी ताई पडली.

ताईला वाचनाचं वेड होतं. लहानपणी आमच्याकडे किराणा ज्या कागदात बांधून यायचा तो कागद ती सरळ करून वाचायची. गोष्ट अर्धी असली तर पुढच्या खेपेला त्याच दुकानात जायचा हट्ट धरायची, उरलेला कागद मिळेल म्हणून. तो कधीच मिळाला नाही. लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याला एकच विचारलं होतं, घरात पुस्तकं आहेत का. भावोजी म्हणाले, नाहीत, पण वाचायला कमी पडणार नाही. आम्हाला वाटलं, आता कपाट भरून पुस्तकं येणार. लग्नानंतर आठवड्याच्या आत ते तिला वाचनालयात घेऊन गेले, अनामत भरली, वर्गणी भरली आणि एक कार्ड तिच्या हातात ठेवलं. एका कार्डावर एका वेळी एक पुस्तक.

मी माहेरची म्हणून ताईच्या बाजूने भांडायला गेले. नव्या नवरीला एक पुस्तक विकत घेऊन देता येत नाही का म्हणून विचारलं. भावोजींनी शांतपणे टेप गळ्यात अडकवली. "मला सांग," ते म्हणाले, "पँट रोज घालायची असते. पुस्तक एकदा वाचून झालं की फळीवर बसतं. मग पैसे घालायचे कशावर?" मी म्हटलं, काही पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचायची असतात. ते म्हणाले, "मग पुन्हा पुन्हा आणायची." यावर ताई हसली. ती हसल्यावर माझ्या भांडणात काही दम राहिला नाही.

दुसरी पंचाईत पुढेच होती. भावोजींनाही गोष्टींची गोडी होती. आता कार्ड एक, पुस्तक एक आणि वाचणारी माणसं दोन. इतर कुणी दुसरं कार्ड काढलं असतं. भावोजींनी दिवसाची घडीच बदलली. सकाळी मशीनचं काम उरकायचं आणि दुपारी जेवण झाल्यावर हातशिलाई काढून बसायचं. पायाच्या दुमडी, हूक, बटणं, कमरेचं अस्तर ही कामं बिनआवाजाची. ताई दुपारी दुकानात यायची, इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसायची आणि मोठ्याने वाचायची. ते टाके घालत ऐकायचे. एका वर्गणीत दोघांचं वाचन व्हायचं, आणि त्यांना त्याचा इतका आनंद होता की गिऱ्हाइकाचं माप घेतानाही ते त्याला वाचनालयाचे फायदे सांगायचे.

ताई वाचायची फार सुंदर. पात्रांचे आवाज वगैरे काढायची नाही. पण कुठे थांबायचं हे तिला कळायचं. शेजारचा चपला दुरुस्त करणारा त्या वेळात आपली हातोडी खाली ठेवायचा. माप द्यायला आलेली माणसं दारात उभी राहायची आणि प्रकरण संपल्यावर खाकरायची. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं की दुपारी पँटमास्तरांकडे घाईचं काम न्यायचं नाही.

या वाचनाला एकच नियम होता. पुढे वाचायचं नाही. एकटीने वाचायचं नाही, चोरून शेवट बघायचा नाही. जे कळायचं ते दोघांना एका वेळी कळायचं. भावोजींनी त्याचीही व्यवस्था केली होती. ज्यांनी कापडाचे तुकडे परत नेले नाहीत त्यांच्या तुकड्यांतून त्यांनी पुस्तकासाठी एक कव्हर शिवलं होतं, करड्या रंगाचं, जाड. त्याला झडप होती आणि झडपेला पँटचं मोठं बटण. आतल्या बाजूला ताईच्या चष्म्यासाठी खिसा. त्या दिवसाचं वाचन संपलं की भावोजी स्वतः बटण लावायचे आणि पुस्तक खडूच्या डब्यामागे ठेवायचे. मी चेष्टा करायचे, म्हणायचे, कुलूपच का नाही लावत. ताई म्हणायची, "बटण पुरे गं. आमचं एकमेकांवर तेवढं चालतं."

वाचनालयाच्या ग्रंथपालबाई या दोघांवर खूश होत्या. एक तर पुस्तक कव्हरात फिरायचं, त्यामुळे त्यावर कधी चहाचा डाग नाही की तेलाचं बोट नाही. दुसरं म्हणजे ज्या पुस्तकांची शिवण सुटायची ती पुस्तकं बाई भावोजींकडे पाठवायच्या आणि ते जाड सुईने, पँटच्या दोऱ्याने ती शिवून द्यायचे, फुकट. आणि तिसरं, त्यांच्या कार्डावर कधीही दंड लागला नव्हता. परतीची तारीख पहिल्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्क्याने उमटलेली असायची आणि ती भावोजींच्या डोक्यात त्याहून पक्की उमटायची. पुस्तक मोठं असलं तर मुदत वाढवून घ्यायचे, पण तीही तारखेच्या आत. "माझ्या नावावर दंड नाही," असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. ताप अंगात असताना पुस्तक परत करायला गेलेले मी त्यांना पाहिलेलं आहे.

अशी वर्षं गेली. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख दोघांनी कुठे ठेवलं होतं ते मला कधी दिसलं नाही. ताईचे केस पिकले, भावोजींच्या चष्म्याचा नंबर वाढला, आणि दुपारचं वाचन मात्र चालूच राहिलं.

शेवटचं पुस्तक त्यांनी आणलं ते एक जुनं, जाडजूड होतं. भावोजींनीच ते कधीतरी शिवून दिलं होतं, कडेला त्यांचा निळा दोरा दिसायचा. गोष्ट एका बाईची होती. नदीकाठी, जिथे होड्या लागतात तिथे, तिची खाणावळ असते. नवरा एका सकाळी "आलोच" म्हणून बाहेर पडतो आणि येतच नाही. वर्षं जातात. लोक सांगतात, तो मेला असेल, दुसरं घर केलं असेल. ती कुणाचं ऐकत नाही, खाणावळ चालवत राहते. मी त्या दिवसांत दोनदा दुकानात गेले होते आणि दोन्ही वेळा तो चपलावाला त्या नवऱ्याला शिव्या देत होता.

तर एका दुपारी वाचन अशा ठिकाणी आलं की खाणावळ बंद झालेली आहे, बाई भांडी घासते आहे, आणि दारावर थाप पडते. बाहेर कुणीतरी खोकतं. आणि ती तो खोकला ओळखते. तिथे प्रकरण संपत होतं. ताईच्या पोटात सकाळपासून दुखत होतं, पण तिने सांगितलं नव्हतं. प्रकरण संपल्यावर ती म्हणाली, "आज एवढंच." भावोजी म्हणाले, "आता थोडंच राहिलंय, संपवून टाक की." ताई म्हणाली, "उद्या. उद्या नीट बसून वाचू." त्यांनी बटण लावलं. दुसऱ्या दिवशी ताई दवाखान्यात होती.

मी माझा संसार सासूबाईंवर सोपवून तिच्याजवळ राहायला गेले. पहिले दिवस नुसत्या तपासण्यांत गेले. ही बाटली लाव, ती सुई टोच, उपाशी ठेव. ताईला शुद्ध होती, पण बोलायचं त्राण नव्हतं. भावोजी दुकान आणि दवाखाना अशा खेपा घालत होते. गळ्यातली टेप काढायचंही भान नसायचं. हातात जेवणाचा डबा, खांद्याला पिशवी, पिशवीत गिऱ्हाइकांच्या पँट, बाकावर बसल्या बसल्या दुमडी घालायला.

आणि त्याच दिवसांत पुस्तकाची तारीख आली. या वेळी मुदत वाढवता येत नव्हती, कारण दुसऱ्या एका सभासदाने पुस्तकाची मागणी नोंदवून ठेवली होती. वाचनालय दवाखान्याच्या वाटेवरच होतं. भावोजींनी कव्हर काढून ठेवलं, पुस्तक परत केलं आणि डबा घेऊन पुढे आले. त्यांनी यात काही विचार केला असेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप वळले असतील.

नंतर ताईला जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसली, दोन घास खाल्ले. मी फळ चिरत होते. भावोजी आले तसं तिने विचारलं, "पुस्तक आणाल का हो? पडल्या पडल्या वाचून दाखवीन. कोण खोकलं ते कळू दे एकदाचं."

भावोजी उभेच राहिले. "परत केलं," ते म्हणाले. "तारीख होती."

ताईने पाठीमागची उशी सारखी केली. मग म्हणाली, "बरं केलंत."

"तू घरी आलीस की पुन्हा आणू. तोवर त्यांचंही वाचून होईल."

"हो," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिला राग आला की झोप, हे मला कळलं नाही. ती कधी रागावायची नाही, त्यामुळे राग कसा दिसतो हेही आम्हाला माहीत नव्हतं.

माझं तसं नाही. माझ्या नाकावर राग असतो. मी भावोजींना बाहेर बोलावलं आणि सांगितलं की दंड भरून भरून किती भरावा लागला असता, एका चहाचा? दोन चहांचा? जन्मभर तिने एका शब्दाने काही मागितलं नाही आणि आता एक पुस्तक मागितलं तर तेही तुम्ही तारखेसाठी हिरावून घेतलंत. आणखीही बरंच बोलले. परिचारिका दारातून डोकावून गेली. मी बोलले ते बोलले, आजही मला त्यात काही वावगं वाटत नाही. भावोजी भिंतीला टेकून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "माझ्या डोक्यातच आलं नाही गं, की ठेवून घेता येतं."

दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. घरी न्यायची घाई करू नका, म्हणाले. मी विचारलं, म्हणजे कधी नेता येईल. त्यांनी टेबलावरचं पेन इकडचं तिकडे ठेवलं आणि सांगितलं की आता त्यांना त्रास होणार नाही एवढंच आपण बघू शकतो. मला रडू फुटलं. भावोजी उठले आणि बाहेर पडले. मला वाटलं, ताईकडे गेले. ते वाचनालयात गेले होते.

पुस्तक एका शाळेतल्या बाईंनी नेलं होतं, आणि त्या ते बरोबर घेऊन लेकीच्या बाळंतपणासाठी दूरच्या गावी गेल्या होत्या. तेव्हा खिशात फोन नव्हते आणि लेकीचा पत्ता कुणाकडे नव्हता. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मास्तर, एक शब्द बोलला असतात तर मी मागणी बाजूला ठेवली असती. दंडही घेतला नसता." भावोजींनी विचारलं, तुम्ही वाचलंय का हे? बाईंनी कॉलेजात असताना वाचलं होतं. शेवट काय होता? बाई बराच वेळ आठवत राहिल्या. "तो येतो बहुतेक," त्या म्हणाल्या. "की येतच नाही? तुमची शपथ, आठवत नाही हो."

मग भावोजी परत येऊन मला बरोबर घेऊन पुस्तकांच्या दुकानात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. किती का पडेना, द्या, असं म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं यावर माझा विश्वास बसला नसता, पण मी बरोबर होते. दुकानदार म्हणाला, हे पुस्तक छापणं बंद होऊन किती वर्षं झाली. दुसऱ्या दुकानात तेच. रस्त्यावर जुनी पुस्तकं मांडणाऱ्यांकडे तेच. एकाने तर नुकतंच आलंय म्हणून दुसऱ्याच खाणावळीचं पुस्तक पुढे केलं, पदार्थ कसे करावेत याचं. भावोजींनी ते हातात घेतलं, उलटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. परत येताना वाटेत कुठेतरी त्यांचा चष्मा धुरकट झाला म्हणून ते थांबले, तेव्हा मीही त्यांच्याशेजारी थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ताईच्या कॉटजवळ स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सगळं खरं खरं सांगून टाकलं. पुस्तक मिळत नाही. कुठेच मिळत नाही. "मी दंडाच्या भीतीने परत केलं," ते म्हणाले, "आणि तुझं राहून गेलं." त्यांचा आवाज फुटला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. रडायचं कसं हे त्यांनाही धड माहीत नसावं, ते नुसतेच गळ्यातली टेप गुंडाळत आणि सोडत होते.

ताई त्यांच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"काय?"

"मी शेवट वाचलाय."

भावोजींच्या हातातली टेप सुटली. "कधी?"

"तुम्ही हूक आणायला बाजारात गेला होतात ना, त्या दिवशी. मला राहवेना. बटण काढलं, शेवटचं प्रकरण वाचलं आणि परत लावून ठेवलं."

"पुढे वाचायचं नाही असं ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं खरं."

"मग?"

"मग काय, वाचलं. चूक झाली."

भावोजींचं तोंड एवढंसं झालं. आता डोळ्यांत पाणी आहे, समोर बायको अशी अंथरुणाला खिळलेली आहे, आणि हे रुसून बसले आहेत. मला हसू आवरेना. मी हसले तशी ताईही हसली. हसल्यावर तिला ठसका लागला, मी पाणी दिलं. ती म्हणाली, "आता ऐकायचाय का शेवट, की रुसायचंय?"

भावोजींनी थोडा वेळ विचार केला. मग पिशवीतून एक काळी पँट काढली, सुईत दोरा ओवला आणि दुमड मांडीवर घेतली. "सांग," ते म्हणाले.

आणि ताईने शेवट सांगितला. सांगितला म्हणजे वाचलाच म्हणायचं. हातात पुस्तक नव्हतं, पण तसंच थांबणं, तसंच पुढे जाणं. भांडं हातातून कसं निसटलं, ओल्या हातांनी तिने कडी कशी काढली, दिव्याच्या उजेडात तो किती म्हातारा दिसला. तो दारातच उभा राहतो. कुठे गेलो, का गेलो, सगळं सांगायला तोंड उघडतो. ती म्हणते, आधी हातपाय धू. गरम आहे तोवर जेवून घे. बोलायचं ते सावकाश बोलू, मी काही कुठे जात नाही. मग ती ताट घेते.

"पुढे?" भावोजींनी विचारलं.

"पुढे काही नाही. संपलं."

"एवढ्या जाड पुस्तकाचा एवढाच शेवट?"

"एवढाच."

"तिने विचारलंच नाही त्याला काही?"

"नाही विचारलं."

भावोजींनी दोऱ्याला गाठ मारली आणि दातांनी तोडला. "बाई मोठ्या मनाची," ते म्हणाले. ताईने डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. एका सकाळी मी चूळ भरायला गेले आणि परत आले तेवढ्यात गेली. भावोजी तिच्या पायांशी बसले होते. त्यांना वाटत होतं ती झोपली आहे.

पुढचं मी दुरूनच पाहिलं. दुकान उघडलं, पँट शिवल्या जाऊ लागल्या. पण आता ते हातशिलाई सकाळी उरकायचे आणि दुपारी मशीन चालवायचे. चपलावाला मला म्हणाला, "दुपारी नुसती खडखड असते हो. तुमच्या मास्तरांना सांगा, जरा थांबवा." मी सांगितलं नाही. ताईच्या स्टुलावर त्यांनी शिवून झालेल्या पँटची चळत ठेवायला सुरुवात केली होती, म्हणजे तिथे दुसरं कुणी बसणार नाही. वाचनालयात ते सकाळचा पेपर वाचायलाही जात नव्हते. मीही त्यांच्याकडे फारशी जात नव्हते. खरं सांगायचं तर त्यांना पाहिलं की मला ते भिंतीकडे वळलेलं ताईचं तोंड दिसायचं आणि माझं डोकं फिरायचं.

मग एका दुपारी ते माझ्या घरी आले. भर कामाच्या वेळात दुकान बंद करून. हे अघटितच होतं. मी चहा टाकला. त्यांच्या हातात ते करडं कव्हर होतं, बटण लावलेलं, आणि आत पुस्तक असल्याचं दिसत होतं.

"शाळेतल्या बाई परत आल्या," ते म्हणाले. "मी तेव्हा मागणी नोंदवून ठेवली होती. ग्रंथपालबाई स्वतः आणून देऊन गेल्या."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"बरेच दिवस तसंच ठेवलं होतं. मग वाचलं. पेपर वेगळा, पण गोष्ट डोळ्यांनी वाचायची मला सवय नाही ना, फार वेळ लागला. बोट ठेवून ठेवून वाचलं." त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुला एक विचारायचं होतं. तुझ्या ताईने तुला काही वेगळं सांगितलं होतं का? त्या शेवटाबद्दल?"

"नाही. तुमच्यासमोर ऐकला तेवढाच."

ते खिडकीबाहेर बघत होते. "पुस्तकात ती दार उघडत नाही," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"खोकला ओळखते. दारापर्यंत येते. मग दिवा विझवते आणि दाराला पाठ लावून बसून राहते. तो हाका मारतो, थापा मारतो. शेवटी निघून जातो. पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ती तशीच बसलेली असते. शेवटपर्यंत उघडत नाही."

चहावर साय धरली होती. मी ती बोटाने बाजूला केली, काहीतरी करायला हवं म्हणून.

"तिने बटण काढलंच नव्हतं," भावोजी म्हणाले. "एकदाही काढलं नव्हतं. आणि मी येडा, तिच्यावर रुसून बसलो होतो."

मी त्या खोलीत होते, माझ्या कानांनी ऐकलं होतं, हातपाय धू, गरम आहे तोवर जेवून घे. आणि मला वाटलं होतं ती गोष्ट सांगते आहे. ती त्यांच्याशी बोलत होती. तिला स्वतःला तर कोण खोकलं तेही कळलं नाही, पुढे काय झालं तेही कळलं नाही. लहानपणच्या त्या कागदासारखंच हेही अर्धं राहिलं, आणि तिने जाताना राहिलेलं अर्धं यांच्यासाठी रचून दिलं. मी पदर तोंडाला लावून रडले. इतके दिवस जे रडू रागाखाली दाबून ठेवलं होतं ते सगळं त्या दुपारी निघालं. भावोजी समोर बसून होते आणि थंड झालेला चहा पीत होते, कारण तो वाया गेला असता.

जरा वेळाने मी डोळे पुसले. म्हटलं, "भावोजी, हे पुस्तक देऊ नका परत. हरवलं म्हणून सांगा आणि किंमत भरून टाका. बाई काही म्हणायच्या नाहीत. राहू द्या घरात."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कव्हराचं बटण काढलं, पुस्तक बाहेर काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. निळ्या दोऱ्याची शिवण अजून पक्की होती. कव्हराची त्यांनी नीट घडी घातली. आतल्या खिशात ताईचा चष्मा तसाच होता, तो हाताला लागला तसे ते थांबले. मग घडी खिशात घातली.

"ठेवून काय करू?" ते म्हणाले. "तिचा शेवट त्यात नाही."

ते उठले, चपला घातल्या. दारात वळून म्हणाले, "आणि तारीख आजची आहे."

मी दाराला कडी घातली आणि त्यांच्याबरोबर वाचनालयापर्यंत चालत गेले.